मापापेक्षा दोन इंच मोठी

मित्रांनो, मला पाहून पुष्कळ जण कपाट समजतात. त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या घरच्यांनीच एके काळी माझी ओळख तशी करून दिली होती, आणि मीही मुकाट उभी राहून ती मान्य केली होती. खरे सांगायचे तर मी एक सौना आहे, आता बरीच जुनी झालेली. सौना म्हणजे लाकडाची छोटीशी खोली. आत बसायला एकावर एक अशी दोन बाके, कोपऱ्यात विजेची शेगडी आणि शेगडीवर दगडगोटे. गोटे तापले की आतली हवा तापते आणि थंडीने आखडलेले माणूस पंधरा मिनिटांत सैल होते. एवढे साधे माझे काम. पण पहिली थंडी संपत आली तरी मला ते धड करता आले नव्हते. का, ते सांगते. सांगताना लाज वाटते, पण लपवण्याची लाज त्याहून वाईट असते हे मी अंगावर शिकले आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर रंधा चालायचा आणि जमिनीवर पिवळ्या भुश्याचा गालिचा पसरलेला असायचा. माझे लाकूड फिकट, मऊ आणि वासाला गोड. माझ्या प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ होती आणि दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसली की मध्ये केसाएवढीही फट राहत नसे. आमच्यावर खडूने आकडे घालणारी एक बाई होती. सगळे तिला खडूवाली म्हणत. ती फळ्या उचलणाऱ्यांवर सारखी ओरडायची, "जीभ आणि खाच सांभाळा रे! ती तुटली की हिची सौना होत नाही, सरपण होतं."

शेवटी मला पुठ्ठ्यात बांधले आणि वर लाल अक्षरांत छापले, 'कारखान्यातून थेट तुमच्या घरी'. मला त्या अक्षरांचा भारी अभिमान वाटला. माझ्यात आणि माझ्या माणसांत कुणी दुकानदार नाही, कुणी दलाल नाही! मध्ये माणूस नसणे ही मोठीच गोष्ट आहे, असे मला वाटले. तेव्हा मी कोरी होते. लाकडाला काय कळते?

मला मागवले होते एका शिंप्याने. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते. मध्यभागी कापड बेतायचे लांब टेबल, खिडकीशी दोन मशिनी, आणि मास्तरांच्या गळ्यात कायम टेप. जेवतानाही ती टेप गळ्यातच असायची. मास्तरीणबाई काजे-बटणे करायच्या आणि इस्त्री धरायच्या. तीस वर्षे जड इस्त्री ओढून त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नव्हती. दर रविवारी त्यांची धाकटी बहीण यायची, त्यांचे केस धुवायची, विंचरायची, आणि दोघी तास-दीड तास हसत बसायच्या. खांद्याला शेक मिळाला तर तो मोकळा होईल, असे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. त्यासाठी मी हवी होते.

आता लाजेचा पहिला भाग. या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे नळ, टब आणि न्हाणीघराच्या सामानाचे दुकान होते. लोक त्यांना नळवाले म्हणत. त्यांच्या दुकानात बघण्यासाठी एक सौना उभी केलेली होती. मास्तर त्यांच्याकडे तीन दुपारी गेले. त्या सौनेत बसले. नळवाल्यांनी तिन्ही दुपारी चहा मागवला, शेगडी कोणत्या कोपऱ्यात असावी, भिंतीपासून किती अंतर ठेवावे, कोणत्या लाकडाची कुसळे निघत नाहीत, हे सगळे समजावून दिले. एका कागदाच्या पाठीवर चित्रही काढून दिले. मग म्हणाले, "जागा मोजायला मी माणूस पाठवतो, मास्तर."

मास्तरांना ते झोंबले. "मोजायला? माझ्याकडे? अहो साडू, चाळीस वर्षं मी दुसरं करतोय काय?"

ते चित्र घडी करून खिशात घालून मास्तर घरी आले आणि त्यांनी सरळ कारखान्याला फोन लावला. थेट मागवले तर स्वस्त पडते, असे त्यांनी कुठे तरी वाचले होते. त्याखेरीज साडूचे उपकार नकोत, हेही मनात होतेच. नळवाल्यांना त्यांनी भाव विचारलाच नाही. हे सगळे मला पुढे घरातल्या बोलण्यातून कळले.

मी घरी पोचले ती एका थंड सकाळी. गाडीवाल्याने मला दारात उतरवले, सही घेतली आणि म्हणाला, "बसवून देणं आमच्याकडे नसतं. थेट मालाचं असंच असतं."

मास्तरांनी ओळखीच्या दोन हमालांकडून मला आत घेतले. मागच्या खोलीत दोन भिंतींच्या मध्ये माझी जागा होती. पूर्वी तिथे कापडाची ठाणे असायची. मला जोडायला घेतले, आणि मागची भिंत त्या जागेत शिरेना. तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि जागा मोजली. अठ्ठावन्न इंच. मग मला मोजले. साठ इंच.

"कारखान्यानं घोळ घातला," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंनी माझ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला मागणीचा कागद वाचला. "अहो, इथं साठच लिहिलंय. तुम्हीच सांगितलेलं."

मास्तर खाली बसले. त्यांना आठवले. त्यांनी जागा बरोबर अठ्ठावन्नच मोजली होती. पण कागदावर आकडा घालताना हाताने आपले नेहमीचे काम केले. छाती मोजायची आणि दोन इंच ढिलाई धरायची. कंबर मोजायची आणि माया ठेवायची, म्हणजे शिवणीत जास्तीचे कापड राखायचे. कपडा अंगापेक्षा मोठा हवा, नाही तर माणसाला श्वास घेता येत नाही, जेवता येत नाही. चाळीस वर्षांची ती सवय. शर्टात माणूस शिरतो, पण इथे मला खोलीत शिरायचे होते, हे हाताच्या ध्यानातच आले नाही.

कारखान्याला फोन केला. तिथला कारकून गोड आवाजात म्हणाला, "मापानं बनवलेला माल परत घेत नाही, साहेब." मास्तर काय बोलणार? त्यांच्या दुकानात मशिनीच्या वर पाटी होती, 'मापाने शिवलेला कपडा परत घेतला जाणार नाही.' अक्षर त्यांचेच होते.

त्या वेळी ते नळवाल्यांकडे गेले असते, तर गोष्ट इथेच संपली असती. दहा मिनिटांचा रस्ता होता. मास्तरीणबाई तसे म्हणाल्याही. पण कोणत्या तोंडाने जाणार? आणि मास्तरांचा आणखी एक विश्वास होता. जे मोठे झाले ते लहान करता येते. आयुष्यभर त्यांनी तेच केले होते. त्यांनी करवत आणली आणि माझी मागची भिंत, छत आणि दर्शनी बाजू एका कडेने तीन-तीन इंच कापली, दोन जास्तीचे आणि एक सहज आत सरकावी म्हणून.

मित्रांनो, दुखले म्हणून मी तक्रार करत नाही. पण त्या कडेला माझ्या खाचा होत्या. त्या भुश्यात पडल्या. मला खडूवालीचा आवाज ऐकू आला. मी जागेत बसले खरी, पण त्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी फट राहिली. वायरमनने शेगडी जोडली तीही त्याच कोपऱ्यात, कारण विजेची जागा तिथेच होती.

पहिल्या दिवशी मास्तरीणबाई अंगाला टॉवेल गुंडाळून माझ्या आत येऊन बसल्या. मी जीव तोडून तापायला लागले. पण जेवढी ऊब मी करत होते तेवढी फटीतून बाहेर जात होती. अर्ध्या तासाने त्यांनी दार किलकिले केले. "अहो, बाहेरच जास्त गरम वाटतंय!" त्या हसल्या, पण हात अजून कानापर्यंतच जात होता. त्यांच्यासाठी मला घडवले होते आणि मला तेवढेही जमेना. आत कुणी नसताना मी किती तरी वेळ कण्हत थंड होत राहायची.

मग मास्तरांनी फट बुजवली. कशाने? त्यांच्याकडे जे होते त्याने. कोटाच्या खांद्यात घालतात तो कापूस घेतला, त्यावर अस्तर शिवले आणि त्याची लांब उशी करून फटीत ठासली. शिलाई इतकी सुबक की कुणीही वाहवा करावी. हवा थोडी थांबली. मीही थोडी तापू लागले. पण शेगडीच्या मागे कापूस ठेवलेला मला कळत होता. मी बोलू शकत नाही. बोलू शकले असते तर ओरडले असते.

आणि नळवाल्यांना कळू नये म्हणून माझ्यावर जाड पडदा आला.

"धाकटीला काय सांगू?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"विचारलं तर सांग, कपाट केलंय."

"आणि कपाटात बसून मी काय करते म्हणून सांगू? घड्या?"

 मास्तरीणबाईंना बहिणीशी खोटे बोलणे जमेना. म्हणून त्यांनी बोलणेच कमी केले. आज अंग दुखतेय, आज पाहुणे आहेत, केस कालच धुतलेत, असे करत चार रविवार गेले. वेणी मास्तर घालू लागले. कापड इतके हळुवार हाताळणारे ते हात केसांत मात्र गोंधळायचे. वेणी कानामागून सुरू होऊन भलतीकडेच संपायची. मास्तरीणबाई आरशात बघायच्या आणि पदर डोक्यावर घ्यायच्या. मी पडद्याच्या फटीतून ते पाहायची. माझ्यासाठी चाललेल्या लपवाछपवीत दोन बहिणींचा रविवार गेला होता.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. पाचव्या आठवड्यात एका दुपारी दोघे न कळवता आले. धाकटी पुढे, नळवाले मागे. मास्तरीणबाई आत बसायला निघाल्या होत्या, म्हणून मी नुकतीच तापायला लागले होते. मास्तरांनी पडदा ओढला. बटण बंद करायचे राहून गेले.

"काय गं ताई? फोन उचलत नाहीस, घरी येऊ देत नाहीस. माझा हात जड झालाय का तुझ्या डोक्याला?" धाकटीने आल्या आल्या विचारले. तेवढ्यात तिचे लक्ष मागच्या खोलीकडे गेले. "आणि हे काय नवीन?"

"कपाट," मास्तर म्हणाले.

ती पडद्याला पाठ टेकून उभी राहिली आणि लगेच दचकून सरकली. "भाऊजी, तुमच्या कपाटाला ताप आलाय."

कुणीच हसले नाही. माझ्या लाकडाचा वास खोलीभर पसरला होता. नळवाल्यांचे सगळे आयुष्य तसल्या मालात गेलेले. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा मास्तरांकडे. समोर आलेला चहा संपवला, कप सावकाश बशीत ठेवला आणि म्हणाले, "चल गं. दुकान उघडायचंय."

एवढेच. दोघे बाहेर पडले. मास्तरांनी कपाळ पुसले. मला मात्र वाटले, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मिनिटभराने पावले परत आली. नळवाले धापा टाकत दारात उभे होते. मास्तरांकडे न पाहता ते सरळ आत घुसले. "बटण कुठंय? बंद करा आधी! नुसत्या लाकडाचा वास नाही हा, कापूस जळतोय!"

त्यांनी पडदा खेचला, बटण पाडले, शेगडीमागे हात घालून ती उशी ओढून काढली. बाहेरून पांढरी, देखणी शिलाई. आतल्या बाजूने तपकिरी झालेली आणि मध्ये एक काळे भोक, त्याच्या कडा लाल. ती त्यांनी गोट्यांवर शिंपडायच्या पाण्याच्या माझ्याच बादलीत बुडवली. चर्र झाले. त्यांची दोन बोटे भाजली होती. तीही त्यांनी त्याच पाण्यात धरली.

आणखी थोड्या वेळाने मास्तरीणबाई आत बसलेल्या असत्या. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले. 

शेवटी नळवाल्यांनी माझ्या कापलेल्या कडेवरून दुसरा हात फिरवला. "जागा किती?"

"अठ्ठावन्न," मास्तर पुटपुटले.

"लिहिलंत किती?"

"साठ."

नळवाल्यांना सगळे समजले. "मास्तर, शर्टाला ढिलाई लागते. भिंत जेवत नाही."

एरवी या वाक्यावर चौघे पोट धरून हसले असते. त्या दिवशी ते वाक्य जमिनीवर पडले आणि तसेच पडून राहिले.

धाकटी दारात परत आली होती. ती बहिणीशी बोलत होती, पण ऐकवत होती मास्तरांना. "ताई, दुकानातल्या सौनेवर ह्यांनी तुझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, ही गेली म्हणून. तुझ्याकडून काय घेणार होते ते? पण भाव तरी विचारायचा होतात, भाऊजी. एकदा विचारायचा होतात."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. मापाचे काम नसताना ती खाली ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मान उघडी पडल्यासारखी दिसत होती.

आठ दिवसांनी नळवाले हाताला पट्टी बांधून आले. त्यांनी माझ्या कापलेल्या कोपऱ्यात खाचा पाडलेला एक नवा खांब बसवला, जागेत बरोबर मावेल असा. शेगडी दुसऱ्या बाजूला नेली. मागे हवेला वाट ठेवली. सकाळभर राबले. मास्तरीणबाईंनी चहा आणला तेव्हा म्हणाले, "नको ताई, पाणी द्या." या घरात त्यांनी चहाला नको म्हटलेले कुणाला आठवत नव्हते.

त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा खरी तापले. मास्तरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे तोंड लाल झाले होते आणि डोळे भरून आले होते. महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा हात कानाच्या वर जाऊ लागला. रविवार परत आले. आता वेणी स्वतःला घालता येत असूनही त्या धाकटीपुढे पाठ करून बसायच्या. पण नळवाले सोबत येत नसत. दुकानात काम आहे, असे धाकटी सांगायची. खोटे बोलण्याची पाळी आता तिच्यावर आली होती.

पुढच्या थंडीत एकदा ते आले, तेही मास्तरीणबाईंनी मास्तरांच्या साठीनिमित्त जेवायला बोलावले म्हणून. मागच्या खोलीचे दार उघडे असले की मला पुढची खोली दिसते. नळवाल्यांच्या अंगात नवा शर्ट होता. मित्रांनो, त्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा उतरता आहे. तरुणपणी डोक्या-खांद्यावरून सामान वाहिल्याची ती खूण. वीस वर्षे त्यांचे शर्ट मास्तर शिवत होते आणि डावी बाजू गुपचूप बोटभर खाली कापत होते. ते त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. नळवाल्यांनाही नाही. म्हणून त्यांचा शर्ट नेहमी सरळ दिसायचा. आज कॉलर एका बाजूला ओढली जात होती.

मास्तर कितीतरी वेळ त्या कॉलरकडे बघत राहिले. "खांदा ओढतोय," ते म्हणाले.

"तयार घेतला," नळवाले म्हणाले. "चालतंय."

जेवणे झाली. दोघी बहिणी भांडी आवरत होत्या. मास्तर उठले आणि नळवाल्यांसमोर येऊन उभे राहिले. 

"तीन दुपारी तुमच्याकडे बसलो, साडू. चहा तुमचा प्यालो, अक्कल तुमची घेतली आणि माल भलतीकडून आणला. वर घरात चोरून ठेवला. तुमचे हात भाजले तेव्हाही माझ्या तोंडून चूक झाली एवढं निघालं नाही. वर्ष झालं. दोन इंचांची लाज नाही वाटत मला. ह्याची वाटते."

आतली भांडी थांबली होती. नळवाले खाली बघत बसले. एका हाताची दोन बोटे दुसऱ्या हाताने चोळत होते. ती बोटे अजून गुळगुळीत दिसतात. मला वाटले, ते उठून जातील. त्यांना तसा हक्क होता.

ते उठले. मास्तरांकडे पाठ केली आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहिले, जसे वीस वर्षे राहायचे तसे.

"घ्या माप," ते म्हणाले. "आणि जरा ढिला ठेवा. मी जेवतो."

मास्तरांनी टेप त्यांच्या खांद्यावर टेकवली. आकडा त्यांनी दोनदा वाचला. मग आतून धाकटीचा आवाज आला, "लिहिताना बघा हं, भाऊजी!" आणि त्या घरात वर्षाने चौघे एकदम हसले. मास्तर हसता हसता डोळे पुसत होते.

त्याला आता खूप वर्षे झाली. माझी बाके काळवंडली आहेत, गोटे दोनदा बदलले. पण मला रोज कोरड्या फडक्याने पुसतात, दार थोडे उघडे ठेवून वाळू देतात, आणि म्हणून मी अजून तापते. वस्तूंना एवढेच हवे असते. कुणी नवखा आला आणि मला कपाट म्हणाला, तर मास्तर लगेच त्याला थांबवतात. "कपाट नाही, सौना आहे. मी बिघडवली होती, साडूंनी उभी केली."

नळवाल्यांनी बसवलेला खांब माझ्या बाकी लाकडापेक्षा वेगळ्या रंगाचा आहे. परवा रंगारी आला होता. म्हणाला, एक हात मारला की सगळे एकसारखे दिसेल. मास्तर नको म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू असेल तर तिला जपा. पण ज्याच्या सांगण्यावरून ती घेतलीत, ज्याच्या हाताने ती उभी राहिली, त्याच्यापासून तिला कधी पडद्याआड ठेवू नका. वस्तूला लाज नसते असे तुम्हाला वाटते. माझ्याकडे या, तो कोपरा बघा. तो रंगवायचा नाही, एवढेच माझे मागणे आहे.